लंडनचं घड्याळ आणि आमची दहा मिनिटं

आमच्या लातूरच्या घरातलं एकही घड्याळ खरं बोलत नव्हतं, आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. हॉलमधलं दहा मिनिटं पुढं, स्वयंपाकघरातलंही दहा मिनिटं पुढं. मी शाळेत शिकवते. सकाळची शाळा, त्याआधी तीन डबे. काटे पावणेसातवर दिसले की लाटणं भराभर फिरायचं, मग मनात दहा वजा करायचे आणि तेवढ्यात पोळ्या उरकायच्या. नवरा म्हणायचा, "पुढं आहे हे ठाऊक असून फसतेस कशी?" मी म्हणायचे, फसत नाही, धाक बसतो. ज्याला डबा भरावा लागत नाही त्याला हे कळायचं नाही.

ही सवय मी माहेरून आणली. माहेर नांदेडचं, आणि गंमत म्हणजे वडील घड्याळजी. वडलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांचं दुकान वजिराबादेत, एका जिन्याखाली. ते आत बसले की गिऱ्हाइकाला बाहेरच उभं राहावं लागे. निम्म्या पेठेची मनगटी घड्याळं तिथं दुरुस्त होऊन जायची आणि घरात मात्र आईचं फळीवरचं गजराचं घड्याळ दहा मिनिटं पुढं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दादा त्यावर कधी काही बोलले नाहीत. जेवायला बसताना त्या घड्याळाकडं पाठ करून बसायचे, एवढंच.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर ते लंडनचं घड्याळ होतं. आठवीतल्या मुलाएवढी उंच लाकडी पेटी, पुढं काच. आत पितळेचं वजन आणि लंबकाच्या टोकाला पाऱ्यानं भरलेली काचेची बरणी. उन्हाळ्यात लंबकाची दांडी वाढते आणि घड्याळ मागं पडतं. बरणीतला पाराही तेव्हाच वर चढतो आणि ते मागं पडणं भरून काढतो. नांदेडच्या उन्हाळ्याची काळजी लंडनच्या माणसानं आधीच करून ठेवली होती म्हणायची. तबकडी मात्र विचित्र. मधोमध फक्त मिनिटाचा लांब काटा. सेकंदाचं छोटं वर्तुळ वर, तासाचं खाली. पहिल्यांदा बघणाऱ्याला किती वाजले ते कळायचंच नाही. शिवाय ते टोले देत नसे. "एवढं मोठं धूड आणि मुकं?" असं गिऱ्हाईक म्हणालं की दादांना राग यायचा. ते सांगायचे, "हे घड्याळ माणसासाठी न्हाई, घड्याळांसाठी हाय." आणि ते खरंच होतं. दुकानातलं प्रत्येक दुरुस्त घड्याळ त्याच्यासमोर आठ दिवस टांगलेलं असायचं. त्याच्याशी जुळलं तरच बाहेर पडायचं.

दादांना ते त्यांच्या उस्तादांकडून मिळालं. उस्तादांना निजामाच्या काळातल्या एका अंमलदाराच्या वाड्यातून. तो अंमलदार हैदराबादला निघून गेला तेव्हा बाकी सगळं सामान गाडीत चढलं आणि हे राहिलं, कारण ते उतरवून पुन्हा लावणं कुणाला जमेना. उस्तादांनी दादांना हाताला धरून शिकवलं नाही, कानाला धरून शिकवलं. "आँखां से नक्को देख, कानां से देख," असं म्हणायचे म्हणे. लंबक उजवीकडं गेल्याचा आवाज आणि डावीकडं गेल्याचा आवाज यांच्यातलं अंतर सारखं पाहिजे. पेटी भिंतीवर कागदाच्या जाडीनं जरी तिरकी बसली, तरी ते लंगडतं आणि दोन दिवसांत बंद पडतं. उस्तादांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा त्यांनी घड्याळ दादांच्या स्वाधीन केलं.

घडवणाऱ्याचं नाव तबकडीवर कोरलेलं आहे. ते मी इथं लिहीत नाही, जाहिरात केल्यासारखं होईल. माझ्या मुलीनं एकदा मोबाइलवर त्याचा माग काढला. लंडनमध्ये घड्याळवाल्यांचा एक मोहल्लाच होता. तिथं हा बाप, मग त्याचा मुलगा, मग नातू. सात-सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय कुणाला स्वतःच्या नावानं घड्याळ करता यायचं नाही. वेधशाळांना ते घड्याळं पुरवायचे, जहाजांसाठीही करायचे. नातवानंतर दुकान मिटलं. मुलीनं हे सगळं वाचून दाखवलं. दादांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवसाला किती मागं पडायचं, ते लिहिलंय का?" तसं काही लिहिलेलं नव्हतं. "म्हंजी कामाचं काहीच न्हाई," ते म्हणाले.

त्यांच्या मते खरं घराणं तबकडीवर नाही, तबकडीमागं होतं. आतल्या पितळी पत्र्यावर घड्याळ साफ करणाऱ्या प्रत्येक कारागिरानं सुईनं आपली बारीक खूण कोरायची, असा रिवाज. अनोळखी इंग्रजी अक्षरांच्या पाच-सहा खुणा, मग उर्दूतल्या दोन, त्यातली खालची उस्तादांची. सगळ्यात खाली देवनागरीत एकच अक्षर, दादांचं. लहानपणी मला त्यांनी भिंगातून ते दाखवलं होतं. मला वाटलं होतं, शाळेतल्या बाकावर पोरं नावं कोरतात तसलं काही असेल. तसं म्हणालेही. दादांनी भिंग काढून घेतलं.

आई गेल्यावर तीन वर्षं दादा नांदेडला एकटे राहिले. मग दुकानाची इमारत पाडायचं ठरलं आणि माझ्या हाती कारण सापडलं. मी त्यांची एकुलती एक. ऐंशी ओलांडलेला माणूस दुपारी फक्त चहा-टोस्टवर राहतो हे शेजारणीकडून ऐकून माझा जीव तुटत होता. मी फोनवर भांडले, रडले, अबोला धरला. शेवटी संक्रांतीनंतर ते म्हणाले, "मिरगापतूर राहून बघतो. जमलं तर जमलं, न्हाई तर माझं नांदेड मला." मिरग म्हणजे मृग नक्षत्र, जूनचा पहिला आठवडा. साडेचार महिने. तेवढ्या मुदतीत त्यांना माझं घर आपलं वाटलं पाहिजे, नाही तर ते पुन्हा त्या चहा-टोस्टकडं जाणार. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

त्यांनी कपड्यांची एक बॅग आणली आणि घड्याळ आणलं. पेटी टेम्पोत गाद्यांमध्ये झोपवली, पण पाऱ्याची बरणी टेम्पोवर सोडायची त्यांची तयारी नव्हती. ती मांडीवर घेऊन ते आमच्या गाडीत बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, बरणी मांडीवरच. दिसायला लोणच्याच्या बरणीएवढी, पण उचलायला गेलं की हात खाली ओढला जायचा. चाकूरला चहाला थांबलो. ते उतरले नाहीत, गाडीतच चहा घेतला. मी म्हणाले, "दादा, माझ्याकडं द्या घटकाभर." ते म्हणाले, "तुला सवय न्हाई, माय." मला हसू आलं आणि थोडा रागही आला. बावीस किलोच्या पोरीला काखेत घेऊन मी एसटीत उभ्यानं प्रवास केलेली बाई आहे.

लातूरला आल्यावर दोन दिवस ते भिंती ठोकत फिरले. हॉलची भिंत बाद झाली, कारण पलीकडं क्लासच्या मुलींचं होस्टेल आहे आणि त्यांची पाण्याची मोटर सुरू झाली की भिंत थरथरते. ही थरथर आम्हाला बारा वर्षांत कळली नव्हती. शेवटी दारातून आत येताना डाव्या हाताला जो खांब लागतो, त्यावर घड्याळ चढलं. दारापासून आत जाणारा अर्धा बोळ त्यानं खाल्ला. नाकापेक्षा मोती जड, असं मी नवऱ्याच्या कानात म्हणाले. दादांनी लंबक हलवला, डोळे मिटले आणि पेटीला कान लावून उभे राहिले. एका बाजूखाली पोस्टकार्डाचा तुकडा सारला. पुन्हा ऐकलं. "बसलं," म्हणाले, आणि आल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवले.

दर रविवारी सकाळी आंघोळ करून, सदरा घालून ते किल्ली द्यायचे. किल्ली देतानाही ते थांबत नाही, आत तशी सोय आहे, हे त्यांनी आम्हा तिघांना वेगवेगळं दाखवलं. बाकी दिवस मात्र त्यांना जड जात होते. लातूर म्हणजे धावणारं गाव. पहाटे क्लासची पोरं पाठीवर ओझं घेऊन सायकली हाणत असतात, आणि आमच्या घरातही तेच. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. प्रवेश परीक्षा एकदा थोडक्यात हुकलेली, आता दुसऱ्यांदा मे महिन्यात होती. दादांशी निवांत बोलायला कुणाला वेळच नव्हता. एकदा त्यांनी विचारलं, "ही दोन घड्याळं लावून देऊ का?" मी भाजी परतत होते. तिथूनच म्हणाले, "अजिबात हात लावायचा नाही. माझं सगळं गणित बिघडेल." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घर तुझं हाय." त्या 'तुझं'नं मला टोचलं. पण भाजी करपत होती आणि मी विषय सोडला.

परीक्षेच्या रविवारी नवरा उमरीला लग्नाला गेला होता. चुलतभावाच्या मुलीचं, टाळता येण्यासारखं नव्हतं. केंद्र गावाबाहेर, फाटक दीडला बंद होणार. उन्हात पोरीला तासभर उभं करायचं नाही म्हणून मी ठरवलं, साडेबाराला निघायचं. चाळीस मिनिटांचा रस्ता, वर वीस मिनिटं हाताशी. तिनं घड्याळ, फोन काही न्यायचं नव्हतं, आणि माझा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. नेमका हॉलमधल्या घड्याळाचा सेल त्या दिवशी संपला. मी सारखी दार ते देवघर, देवघर ते दार करत होते आणि येता-जाता दिसत होतं ते दादांचं घड्याळ.

साडेबारा झाले तेव्हा दादा खाटेवरूनच म्हणाले, "साडेबारा झाले, माय."

"हो हो, अजून दहा मिनिटं आहेत," मी म्हणाले.

वीस वर्षं घड्याळाकडं बघून दहा वजा करणारं माझं डोकं, ते काय आता लंडन आणि लातूर असा भेद करणार होतं? सबंध मराठवाड्यात खात्रीचं असं एखादंच घड्याळ असेल तर ते माझ्या दारात टांगलेलं, आणि मी त्यातूनही दहा मिनिटं कापली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी पोरीला सावकाश दहीभात भरवला. देवाला, मग आजोबांना नमस्कार करायला लावला. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं एकदा बघितलं. मी काही हिशोब केला असेल असं त्यांना वाटलं, हे त्यांनी नंतर सांगितलं.

केंद्राच्या अलीकडं सगळ्या गावाच्या आई-बापांच्या गाड्या अडकल्या होत्या. मी स्कूटर एका बाईच्या अंगणात टाकली आणि आम्ही पळालो. समोरून एकजण ओरडला, "ताई, दोन मिनिटं राहिली." दोन? माझ्या हिशोबानं बारा होती. पोरगी पुढं पळाली. रखवालदारानं फाटक अर्धं ओढलं होतं. ती त्यातून आत शिरली आणि तिच्यामागं फाटक बंद झालं. एक मुलगा बाहेर राहिला. त्याची आई फाटकाच्या गजांना धरून काय काय म्हणत होती ते मला अजून ऐकू येतं. मी तिथं खाली बसले.

घरी आले ती पेटतच. चूक कुणाची हे मला रस्त्यातच कळलं होतं, म्हणून तर राग जास्त होता. दादा बोळात उभे होते. "पोचली का?"

"पोचली नशिबानं! एवढं लंडनचं घड्याळ, आणि माझ्या पोरीचं वरीस घालवत होतं!"

"घड्याळ बरोबर व्हतं," ते हळूच म्हणाले.

"बरोबर होतं म्हणूनच तर! या घरात कुठलं घड्याळ बरोबर असतं? तुम्ही आणून लावलंत बरोबरचं घड्याळ!"

कुणी ऐकलं असतं तर मला वेड्यातच काढलं असतं. दादा आत जाऊन खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले. संध्याकाळी पोरगी हसत आली, पेपर चांगला गेला म्हणाली. तिच्यासमोर ते दोन घास जेवले. मी माफी मागायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. त्यांनी बॅग काढली नव्हती, पण ती आता निघणार हे मला ठाऊक होतं. मिरगाला महिना उरला होता आणि मी माझ्या तोंडानं त्यांना वाटेला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन आत येताना बोळात नजर गेली. सात वाजून पाच. शाळेला सुट्टी होती, तरी सवयीनं वाटलं, उशीर झाला. फोन बघितला. सहा पंचावन्न. लंडनचं घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं. मला वाटलं, काल मी दार आपटलं त्यानं ते बिघडलं.

"दादा, घड्याळाला काय झालं बघा!"

ते आंघोळ करून, सदरा घालून खाटेवर बसले होते. सोमवार होता, किल्लीचा दिवस नव्हे. "बिघडलं न्हाई. मीच काटा सारला."

"तुम्ही?"

"तुझ्या घरात जी वेळ हाय, ती त्याला दावली."

अर्ध्या मिनिटाच्या चुकीसाठी गिऱ्हाइकाचं घड्याळ आठ दिवस जास्त ठेवून घेणारा हा माणूस. मी म्हणाले, "दादा, मी काल वाट्टेल ते बोलले. पाया पडते, ते नीट करा. मी माझी दोन्ही बरोबर लावते."

"कशापायी?" ते म्हणाले. "तिकडं लंडनला, तारे बघायच्या जागी असली घड्याळं असायची. उस्ताद सांगायचे, तिथं बी कुणी काट्याला रोज बोट लावत न्हाई. चूक किती हाय ते लिहून ठेवतेत, बस. चुकलं तरी चालतंय. रोज येगळं चुकू नये." मग म्हणाले, "तुझ्या मायनं पन्नास वर्सं दहा मिनिटं पुढं ठेवलं. कधी नऊ केली न्हाई, कधी अकरा केली न्हाई. असली चाल आमच्या दुकानात बी कुण्या घड्याळाची नव्हती."

आईबद्दल त्यांनी एवढं बोललेलं मी तिच्या हयातीत कधी ऐकलं नव्हतं, आणि तिनंही नाही. मी दुधाची पिशवी हातात घेऊन तिथंच रडले. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. दादा म्हणाले, "दूध नासंल, जा."

तरीही त्यांच्या राहण्याचं मी काही धरून चालले नाही. मुदत ही त्यांच्या लेखी मुदत होती. मिरग निघाला त्या दिवशी पावसाचा पत्ता नव्हता, नेहमीसारखं ऊन. सकाळपासून मी त्यांच्या बॅगेकडं बघत होते. ती खाटेखाली होती तशीच होती, पण त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं आणि डोक्याला टोपी होती. अकरा वाजले तरी ते काही बोलेनात. माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे.

"दादा, आज मिरग. नांदेडची गाडी कितीची बघायची?"

ते उठले, बोळात गेले, चष्मा लावून घड्याळासमोर उभे राहिले. मिनिटाचा काटा बघितला, खाली वाकून तासाचा बघितला. ओठ हलले. आयुष्यात पहिल्यांदा दादा दहा वजा करत होते.

"अकरा वीस," ते म्हणाले. "साडेअकराची व्हती. आता कुठली गावते? गेली ती."

लातूरहून नांदेडला दिवसभर एका पाठोपाठ एक गाड्या असतात. एवढं त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

"मग राहा की," मी म्हणाले, आणि त्यांच्यासाठी भाकरीचं पीठ काढायला आत गेले.